गारठलेले इंजिन

वाशी म्हटले की आपल्या बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढे ठाण्याच्या खाडीपलीकडची, नव्या मुंबईतील वाशी उभी राहते. खाडी आली की होडी आली आणि होडी आली की तिचे इंजिन आले. परंतु आज आम्ही जिच्याविषयी लिहीत आहोत ती वाशी धाराशिव जिल्ह्यातील, तालुक्याचे ठाणे असलेली. बालाघाटाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर ती वसली आहे. तिच्या आसमंतात समुद्र नाही, खाडी नाही, भरती-ओहोटीचा प्रश्नच नाही. धुळे-सोलापूर हमरस्ता तालुक्यातील पारगाव आणि तेरखेडा या गावांवरून जातो. तेरखेड्याला फटाके तयार होतात, म्हणून त्या गावाचे नाव दूरवर ठाऊक आहे. इंजिनाची गोष्ट सांगताना फटाक्यांचे गाव आठवणे अगदीच अप्रस्तुत नव्हे. इंजिन म्हणजे तरी काय? बंद नळकांड्यात, ठरलेल्या क्षणी आणि ठरलेल्या मापाने होणारा स्फोट. फटाक्याला वात असते. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला वातही नाही आणि ठिणगीही नाही. ते कशाने पेटते आणि थंडीत पेटायला का कुरकुरते, याचा इतिहास पाहू लागलो तेव्हा तो वाशीच्या विहिरीवरून सुरू होऊन पुन्हा होडीपाशीच येऊन थांबला.

इंजिन येण्यापूर्वी या भागात विहिरीचे पाणी मोटेने निघत असे. बैलांची जोडी धावेवरून उतरे, नाडा ताणला जाई, चामड्याची मोट वर येऊन थारोळ्यात रिती होई आणि पाणी पाटाने वाफ्यांकडे धावे. आपल्या वसईच्या वाड्यांत हेच काम बावखलावरचा रहाट करीत असे. मोट काय, रहाट काय, दोन्ही जनावरांच्या अंगबळावर चालत. पहाटेच्या गारठ्यात बैल उठायला आळस करी, पण उठला की चालू लागे. त्याला तापवावे लागत नसे. इंजिनाचे मात्र तसे नव्हते.

यात निसर्गाचा एक खोडकरपणा होता. वाशीच्या परिसरात ज्वारी, हरभरा आणि करडई ही रब्बीची पिके. त्यांतच विहिरीखाली गहू, कांदा, क्वचित ऊस. या पिकांना पाण्याची निकड लागते ती मार्गशीर्ष-पौषात, म्हणजे नाताळच्या आगेमागे. नेमक्या याच दिवसांत पठारावरची पहाट दहा अंशांच्या आसपास उतरते. समुद्राच्या उबेत राहणाऱ्या आपल्या किनाऱ्याला तशी थंडी ठाऊक नाही. पिकाला पाणी हवे त्याच दिवसांत इंजिन सर्वांत नाखूश, अशी ही गाठ होती.

आता नाखुशीचे कारण पाहू. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे तोंड गरम होते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. हवा दाबली की ती तापते. डिझेल इंजिनात दट्ट्या हवेला तिच्या मूळ जागेच्या सुमारे सोळाव्या हिश्शात कोंबतो. ती हवा पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्या तप्त हवेत तेलाचा सूक्ष्म फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो. परंतु नळकांडे रात्रभर गारठलेले असेल तर त्याचे ओतीव लोखंड ही उष्णता क्षणात शोषून घेते. दट्ट्याच्या झिजलेल्या रिंगांमधून दाबलेली हवा निसटते. वंगणाचे तेल काकवीसारखे घट्ट झालेले असल्याने चाक जोरात फिरत नाही, आणि जितके सावकाश फिरावे तितका उष्णतेला निसटायला अवधी मिळतो. शेवटी हवा हवी तितकी तापत नाही. धुराड्यातून पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर निघतो. तो धूर म्हणजे न जळलेले तेल. डिझेल थिजण्याइतकी थंडी वाशीला पडत नाही. दोष तेलाचा नसून हरवलेल्या उष्णतेचा असतो.

ही उष्णता कोठून आणावयाची, या एका प्रश्नाभोवती तेलाच्या इंजिनाचा बराचसा इतिहास फिरला आहे. इंग्लंडमधील हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट याने १८९० साली ज्या इंजिनाचे पेटंट घेतले त्यात नळकांड्याच्या डोक्याशी एक पोकळ गोळा असे. तो बाहेरून दिव्याच्या झोताने तापवायचा, पुरेसा तापला की चाक फिरवायचे. वितळलेल्या कथलात चुकून रॉकेल सांडले आणि त्याच्या वाफेने पेट घेतला, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. ग्रँथम येथील हॉर्न्सबी कारखान्याने ही इंजिने बांधली. पुढे याच जातीची इंजिने उत्तर युरोपातील कोळ्यांच्या नौकांवर गेली. त्यांची सोय अशी की निकृष्ट तेलही त्यांना चाले, आणि गैरसोय अशी की समुद्रावर जाण्याआधी कोणी तरी कुडकुडत दिवा पंप करीत बसावे लागे.

रुडॉल्फ डिझेलने दिवा काढून टाकला. १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यशस्वी झालेल्या त्याच्या इंजिनात केवळ दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर तेल पेटे. पण ते धूड माणसाहून उंच होते आणि तेल आत फुंकण्यासाठी त्याला दाबलेल्या हवेची वेगळी यंत्रणा लागे. शेतकऱ्याच्या विहिरीवर ते येणे शक्यच नव्हते. स्वतः डिझेल १९१३ साली सप्टेंबरच्या अखेरीस इंग्लंडला जाताना आगबोटीवरून नाहीसा झाला, त्यामुळे आपल्या इंजिनाचे हे लहान रूप पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. १९२७ मध्ये जर्मनीतील बॉश कंपनीने तेल दाबून फवारणारे छोटे पंप मोठ्या प्रमाणावर बनवण्यास आरंभ केला आणि मग लहान इंजिनांचा मार्ग मोकळा झाला.

त्यांतले एक इंजिन आमच्या कथेत महत्त्वाचे आहे. इंग्लंडच्या डर्स्ली गावातील लिस्टर कारखान्याने १९२९-३० च्या सुमारास एक आडदांड, संथ इंजिन बाजारात आणले. मिनिटाला सहाशे फेरे, दोन्ही बाजूंना जड चाके. त्याच्या नावात ‘सी. एस.’ ही दोन अक्षरे होती आणि त्यांचा अर्थ ‘कोल्ड स्टार्ट’ असा होता. दिवा नको, तापवणे नको, थंड असतानाच हाताने सुरू करा, हेच त्याचे मोठेपण म्हणून मिरवले जाई. त्याच्या डोक्याशी एक छोटे हातचाक असे. ते आवळले की स्फोटाच्या जागेचा एक कप्पा बंद होई, तेवढ्याच हवेला कमी जागा उरे आणि ती अधिक तापे. इंजिन चालू होऊन ऊब धरली की तो कप्पा पुन्हा उघडायचा. दिव्याऐवजी आता माणसाचा दंड पुरेसा झाला. पुढे या इंजिनाच्या बरहुकूम नकला गुजरातेत राजकोटला होऊ लागल्या आणि तेथून त्या भारतभर पसरल्या.

महाराष्ट्राची स्वतःची परंपराही कमी नव्हती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचे लोखंडी नांगर प्रारंभी पडून राहिले होते, कारण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्याच वाडीत १९२६ साली डिझेल इंजिन तयार झाले, आणि ते देशातील पहिले, असे त्या उद्योगाचा इतिहास सांगतो. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला इंजिनांचा स्वतंत्र कारखाना निघाला. साताऱ्याला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातूनही नांगर आणि इंजिने बाहेर पडत होती. हे कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे मुख्य प्रधान होते, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. आमच्यासारख्या नियतकालिकांत रमणाऱ्यांना आणखी एक गोष्ट मौजेची वाटते. नांगर आणि इंजिने विकणाऱ्या या कारखान्याच्या १९२० मधील ‘किर्लोस्कर खबर’ या पत्रकातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक उभे राहिले आणि मराठी घराघरांत वाचले गेले.

वाशी त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. तगाई, सहकारी सोसायट्या आणि पुढे भूविकास बँका यांच्या कर्जावर विहिरी खोदल्या जाऊ लागल्या आणि त्यांच्यावर इंजिने बसू लागली. ही कर्जे जमीन तारण ठेवून मिळत. म्हणून पौषातल्या पहाटे इंजिन सुरू न होणे ही केवळ वैतागाची बाब नव्हती. गव्हाला ओंबी धरण्याच्या वेळी पाणी हुकले तर दाणा भरत नाही, दाणा भरला नाही तर हप्ता चुकतो. मोटेचे बैल तर इंजिन घेतानाच विकून टाकलेले असत.

अशा पहाटे माणसे काय करीत, ते आता सविस्तर सांगतो, कारण ही विद्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हती. पहिला उपाय घरातून येई. चुलीवरचे कढत पाणी घागरीतून नेऊन इंजिनाच्या पाण्याच्या कोठीत ओतायचे. लोखंड ऊब धरी आणि वंगणही सैल होई. दुसरा उपाय हवेच्या वाटेचा. इंजिन जेथून हवा ओढते त्या तोंडाशी पेटती चिंधी धरायची, म्हणजे आत जाणारी हवाच तापलेली जाई. यात आगीचे भय असे आणि चिंधीची राख आत ओढली गेल्यास नळकांडे झिजे. तिसरा उपाय जाणकारांचा. हवेच्या वाटेने चमचाभर वंगण आत सोडायचे; ते रिंगांभोवती पसरून गळती थोपवी. प्रमाण चमचाभरच हवे. अधिक ओतले तर तेच तेल पेटून इंजिन बेफाम धावण्याचा धोका.

मग हँडल. झडप उघडी धरणारी खिट्टी लावून ठेवली की हवा दाबली जात नाही आणि जड चाक हलके फिरते. तसे दहा-वीस फेरे देऊन चाकाला चांगली गती आली की खिट्टी सोडायची. चाकात साठलेला जोर दट्ट्याला तो पहिला अवघड टप्पा पार करून देतो. हातोटी आहे ती नेमक्या क्षणाची. जाणता मिस्त्री चाक फिरवताना कान लावून असे. तेल फवारणारे नोझल नीट काम करीत असेल तर प्रत्येक फेऱ्याला ‘कर्र’ असा बारीक आवाज येतो. तो आला नाही तर हँडल मारून दंड दुखवण्यात अर्थ नाही. नळीत हवा शिरली आहे, आणि एकेक जोड सैल करून बुडबुडे संपेपर्यंत ती काढावी लागणार. हवा शिरण्याचे नेहमीचे कारण एकच, आदल्या संध्याकाळी टाकी कोरडी होईपर्यंत इंजिन चालवलेले असणे.

एवढे करून इंजिन लागले तरी पाणी येईलच असे नाही. पंपही आधी पाण्याने भरावा लागे. खालची झडप गळकी असेल तर रात्रीत नळ रिकामा होई. मग शेण कालवून पंपात ओतण्याचा गावठी उपाय होता. फटीत शेण बसे आणि पंप पाणी धरी. शहरी मंडळींना हे हास्यास्पद वाटेल, पण उपाय लागू पडे.

हँडलचे दुसरे अंग मात्र हसण्यासारखे नाही. चाकाला पुरेसा वेग येण्याआधीच स्फोट झाला तर इंजिन उलटा झटका देते. म्हणून थोरली माणसे पोराला पहिली गोष्ट शिकवीत ती अशी की हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, विरुद्ध बाजूने आवळायचा नाही. आमच्या लहानपणी वाडीतल्या इंजिनाने असा झटका दिला आणि घरातील एका वडीलधाऱ्याचे मनगट मोडले. ते पुढे कधी सरळ झालेच नाही. धोतराचा सोगा, पदर, गळ्यातले उपरणे पट्ट्यात किंवा चाकात सापडून झालेले घात तर गावोगाव ठाऊक होते.

त्याहून भयंकर होते ते विहिरीच्या आत. हवेच्या दाबावर पाणी ओढणारा पंप समुद्रकाठीही १०.३ मीटरहून खोलचे पाणी ओढू शकत नाही, व्यवहारात तर सहा-सात मीटरच. वाशीसारख्या उंचीवर ही मर्यादा आणखी थोडी घटते. पाणी खाली गेले की पंप त्याच्या मागे खाली न्यावा लागे. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतरही विहिरी खोल होत गेल्या तशी इंजिने विहिरीच्या आत, काठाखाली खोदलेल्या कट्ट्यावर बसवली जाऊ लागली. तेथे ओल असे, हवा कोंडलेली असे आणि थंड इंजिन अधिकच गारठे. ते सुरू करण्यासाठी माणूस खाली उतरून वेळोवेळी प्रयत्न करी आणि त्या धुरात उभा राही. अर्धवट जळणाऱ्या तेलाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणसाला झापड येते आणि तो कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. बाप आणि मुलगा किंवा दोघे भाऊ एकाच विहिरीत गेल्याच्या अशा बातम्या वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षे येत राहिल्या. धुराचा नळ विहिरीच्या काठावर काढणे हा साधा उपाय होता. त्याला पैसे पडत आणि इंजिनाचा दमही थोडा कमी होई, म्हणून पुष्कळदा तो लांबणीवर पडे.

आता होडीकडे वळू. आपल्या किनाऱ्यावरील मोठ्या नौकांत बसवलेली डिझेल इंजिने ही विहिरीवरच्या इंजिनांचीच भावंडे. त्यांचे रुसवे-फुगवे वर सांगितले तसेच. लहान होडीच्या मागे टांगायची जी मोटार, तिचे कूळ वेगळे. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या ओले एव्हिनरूडने १९०९ साली अशी मोटार विक्रीस आणली. उन्हाळ्यात भावी पत्नीसाठी वल्ही मारीत आइस्क्रीम आणायला गेला आणि ते परतेपर्यंत वितळले, म्हणून त्याने ही मोटार बनवली, अशी कथा आहे. सुरुवातीच्या या मोटारी वरच्या चाकावरील लाकडी मूठ धरून फिरवाव्या लागत, आणि त्या मुठीने बोटांची सालटी निघत. चाकाला दोरी गुंडाळून ओढण्याची रीत त्यानंतर रूढ झाली.

ही मोटार पेट्रोलवर आणि ठिणगीवर चालते. थंडीत तिची अडचण हवेच्या उष्णतेची नसून पेट्रोलच्या वाफेची. गार पेट्रोल पुरेसे वाफ होत नाही, म्हणून चोक लावून हवा कमी आणि पेट्रोल जास्त द्यावे लागते. चोक लावून दोरी ओढतच राहिले तर पेट्रोल साचून प्लग ओला होतो आणि ठिणगी बुडते. मग प्लग काढून पुसावा, चोक उघडावा, चार-सहा वेळा दोरी ओढून आतले साचलेले बाहेर घालवावे आणि पुन्हा आरंभ करावा. त्याआधी टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडा आहे ना, नळीतला रबरी फुगा दाबून घट्ट झाला आहे ना, हे पाहावे. पुष्कळ मोटारींचे दुखणे येथेच सापडते. जून-जुलैच्या बंदीत पडून राहिलेल्या मोटारीत पेट्रोलचा हलका अंश उडून जातो आणि चिकट गाळ कार्बुरेटरच्या बारीक भोकांत बसतो. तेथे दोरी ओढून काही होत नाही. कार्बुरेटर उघडून साफ करावा लागतो आणि तेलमिश्रित पेट्रोल ताजे भरावे लागते. शिवाय जुन्या मोटारींना गिअरमध्ये असताना सुरू न होण्याची सोय नसे. दोरी ओढताच होडी उसळे आणि ओढणारा पाण्यात जाई.

एव्हिनरूडच्या जन्मदेशाचा आपल्या किनाऱ्याशीही संबंध आला. १९५२ साली झालेल्या करारानुसार नॉर्वेच्या साह्याने केरळात कोल्लमजवळ नींडकरा आणि शक्तिकुलंगरा येथे मासेमारीच्या यांत्रिकीकरणाचा प्रकल्प सुरू झाला. शक्तिकुलंगरा हे आपल्याच कॅथलिक कोळी बांधवांचे गाव. मागे टांगायच्या मोटारी मात्र केरळात १९८० च्या दशकात पसरल्या आणि त्या बव्हंशी रॉकेलवर चालत. गार मोटार रॉकेलवर सुरू होत नाही. ती पेट्रोलवर सुरू करायची आणि तापली की तोटी रॉकेलकडे वळवायची. परतताना किनारा जवळ आला की पुन्हा पेट्रोलकडे वळवून थोडा वेळ चालवायची, म्हणजे बंद करताना कार्बुरेटरमध्ये पेट्रोल राहील. दमलेला कोळी हे विसरला की दुसऱ्या पहाटे कितीही दोरी ओढा, मोटार लागत नाही. वाशीच्या विहिरीवर रिकाम्या टाकीने जे होई तेच येथे रॉकेलने. पहाटेचे काम आदल्या संध्याकाळीच बिघडलेले असते.

डर्स्लीच्या कारखान्याने ते ‘कोल्ड स्टार्ट’ इंजिन बनवणे १९८७ साली बंद केले. राजकोटच्या नकला त्यानंतरही निघत राहिल्या. काही तर अमेरिकेतील हौशी मंडळींनी मागवून नेल्या आणि तेथील धुराच्या नियमांपुढे ती आयात अडली. वाशीकडे विजेचे खांब आले, पंपांना मोटारी लागल्या, बोअरमध्ये पाणबुडे पंप उतरले. बटण दाबले की पाणी येते. थंडी असो की नसो, विजेच्या मोटारीला तापवावे लागत नाही. शेतीची वीज मात्र पाळीपाळीने मिळत आली आणि पाळी पुष्कळदा रात्रीची असे. इंजिनाच्या काळी शेतकरी निदान उजाडण्याची वाट पाहू शकत होता. विजेच्या पाळीने त्याला पौषातल्या मध्यरात्री, डोक्याला मफलर गुंडाळून आणि हातात विजेरी घेऊन दारे धरायला पाठवले. आता सौर पंप येऊ लागले आहेत, ते दिवसा चालतात. पाणी देऊन झाल्यावर घरी जाऊन झोपता येते, हे वाशीच्या गहू-कांद्याच्या शेतकऱ्याला त्यातले सर्वांत मोठे सुख वाटत असावे.